गुलाबी खांब

खाणीवरच्या मॅनेजर साहेबाच्या बंगल्याची राखण रंगूबाई तीस वर्षं करत होती. साहेब केव्हाच गेलेला. मागच्या स्वयंपाकखोलीत ती एकटी राहायची. पेठ रस्त्यापासून आत, टेकाडावरचा हा बंगला काळ्या दगडाचा, वर कौलं, आणि व्हरांडा असा बेतलेला, की खुर्चीतल्या साहेबाला खाणीतला प्रत्येक माणूस दिसावा. खांब तिच्या सासऱ्यानं घडवलेले. पायऱ्याही त्याच्याच, पण त्या चढायची मुभा त्याला कधी मिळाली नाही.

आता खाणीच्या नव्या मालकाला बंगल्याखालचा दगड हवा होता. सुरुंग कुंपणापर्यंत आले होते. वारसा म्हणून नोंद झाली, तरच बंगला वाचणार, आणि रंगूबाईचं छप्परही. अर्ज केला होता गंगापूर रोडच्या अफिफानं. नुकतीच आर्किटेक्ट झालेली पोरगी.

"मावशी, मंगळवारी वारसा समितीचे साहेब बंगला बघायला येणारेत," तिनं फोनवर सांगितलं.

बघायला येणार म्हटल्यावर काय करायचं, हे रंगूबाईला कुणी शिकवायला नको. मुलगी दाखवायची तर आधी घर रंगवतात. शाळा रंगवून उरलेले दोन डबे तिनं मागून आणले आणि सगळा व्हरांडा गुलाबी करून टाकला.

मंगळवारी अफिफा फाटकातच थिजली.

"मावशी, हे काय केलंत?"

"झ्याक दिसतंय ना? कंबर मोडली बघ पार!"

"खुणा कुठायत?"

खुणा! लिहिता न येणारा प्रत्येक पाथरवट आपण घडवलेल्या दगडावर छिन्नीनं खूण करायचा. कुणाचा मासा, कुणाचा बाण, सासऱ्याचा विळा. अख्खा अर्ज त्या खुणांवर उभा होता.

मागून साहेब पायऱ्या चढून आले. "अर्जातले खुणांचे फोटो पाहिलेत मी. पण मला जागेवर दिसायला हवं."

"दिसंल की! थांबा साहेब!"

रॉकेलचा बोळा घेऊन रंगूबाई तिसऱ्या खांबाला भिडली. रंग निघेना, दगडाच्या बारीक भोकांत आणखीच मुरला. तिनं छिन्नी उचलली.

"नको!" अफिफानं मनगट धरलं. "खूणच जाईल!"

"मग हात लावा साहेब, हितं! इळा हाय, बोटाला लागतोय. देवाशपथ!"

साहेबांनी बोट फिरवलं. "लागतंय काहीतरी. पण बोटाला लागलेलं अहवालात कसं लिहू, बाई?"

"आठ दिवस द्या, सर," अफिफा म्हणाली.

"बैठक उद्या आहे. अर्धा तास थांबतो. एक तरी दाखवा."

अर्धा तास दोघी घासत राहिल्या. नखं गुलाबी झाली, मग लाल. साहेब घड्याळ बघत उठले. गाडी उताराला लागली, तरी रंगूबाईचा हात थांबला नाही.

"दिसला! पोरी, दिसला गं!"

गुलाबीतून विळ्याचं काळं टोक वर आलं होतं. अफिफानं साहेबांना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला.

खाली खाणीत सुरुंगाचा भोंगा वाजला.

"मावशी, आत चला!"

"तू जा. मला भोंग्याची सवय हाय," रंगूबाई म्हणाली, आणि तिनं दोन्ही तळवे विळ्यावर घट्ट दाबून धरले.