दोन्ही खांद्यांत तेच हाड

तारखा आधी. दसऱ्यानंतरचा सोमवार : लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचे पोते उचलताना माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या खांद्यात काहीतरी तुटले. जबाबदार, टोळीचा मुकादम. तुळशीच्या लग्नाचा दिवस : ‘हाडाची ठेवण जन्मजात, दुखापत नाही, काम करण्यास हरकत नाही’ असा शेरा. जबाबदार, बाजाराच्या तपासणीचे डॉक्टर. संक्रांतीचा आदला दिवस : ‘जन्मतः अपात्र’ म्हणून हमालीचा बिल्ला काढून घेतला. जबाबदार, बाजाराचे सचिव.

नांदेडच्या कोर्टात मी हयातभर कारकुनी केली. एकाच साक्षीदाराच्या दोन उलटसुलट जबान्या मला लगेच ओळखू येतात.

पोत्यांच्या थप्पीवर चढताना ओझे कोणत्या खांद्यावर घ्यायचे, ही हमालाची बाजू आमच्याकडे एकदा ठरली की ठरली. भाऊ उमेदीच्या वयापासून ‘उजवा’. त्या सोमवारी खांदा दुखू लागल्यावर त्याने डाव्या खांद्यावर पोते मागितले, तेव्हा मुकादम हसला होता. “उजवा बैल डावीकडं जुंपतंय का कुणी? चल, उचल.” भावाने उचलले. शेरा मिळाल्यावरही उचलतच राहिला. कागदावर दुखापत नव्हती ना!

बिल्ला गेल्यावर मी त्याला नांदेडला आणले. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. “सांध्यावर हे छपरासारखं हाड. यांच्या छपराची कड खाली वाकलेली आहे. हात वर गेला की खालचा स्नायूबंध तिला घासतो.”

“आकड्यासारखंच दिसायलंय की, दादा,” भाऊ म्हणाला. “पोतं वढायचा आकडा हातात व्हता, आता खांद्यात बी हाय म्हणा.”

मला हसू आले नाही. मी म्हणालो, “डाव्या खांद्याचाही फोटो काढा.”

काढला. तोच बाक.

“डावा दुखतो?” डॉक्टरांनी विचारले.

“न्हाई जी. कधीच न्हाई.”

“असा बाक असूनही कित्येकांना काही होत नाही,” डॉक्टर म्हणाले. “नुसत्या आकारावर दोष टाकता येत नाही. ओझं, वय, तीच ती हालचाल, सगळं मोजावं लागतं. सुरुवातीलाच आणलं असतं तर तुटलेला स्नायूबंध शिवता आला असता. आता तो आखडून मागे गेलाय.”

भावाने माझ्याकडे पाहिले. “म्हंजे आता हात बरा व्हायचा न्हाईच का, दादा?”

मी दोन्ही एक्स-रे पाकिटात घातले. आता तो सकाळी डाव्या हाताने उजवा हात उचलून सदऱ्याच्या बाहीत घालतो. त्याला वजनकाट्यावर वजने बघायला बसायचे आहे, एवढेच. ते काम एका हाताने होते. पण बिल्ल्याशिवाय आवारात पाऊल टाकता येत नाही.

म्हणून माझा सवाल. जे हाड तुळशीच्या लग्नाला पोते वाहण्यास लायक होते, ते संक्रांतीच्या आदल्या दिवशी नालायक कसे ठरले? आणि जन्माचाच दोष असेल, तर डावा हात शाबूत कसा? तपासणीचे डॉक्टर, मुकादम आणि सचिव यांनी सौदे सुरू होण्यापूर्वी, आवारात, सर्व हमालांसमोर, तोंडी उत्तर द्यावे. भाऊ फाटकाबाहेर उभा असेल. त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने द्यावे.