पूर्वेची गुळगुळीत भिंत

माझे वडील गवंडी. भिंत जराशी वाकडी दिसली तरी त्यांच्या डोक्यात तिडीक जाते आणि आपल्या कामाचं कौतुक सांगताना त्यांचं तोंड दुखत नाही.

रविवारी आम्ही बागेत गेलो. तिथे झोपाळे आहेत, घसरगुंडी आहे आणि मधोमध फार जुन्या काळच्या दगडी भिंती. त्यातली पूर्वेची भिंत तरुणपणी बाबांनीच दुरुस्त केलेली.

"दगडांवर नुसते ओरखडे होते," माझी लेक पुढे पळत असताना त्यांनी वाटेत मला शंभराव्यांदा ऐकवलं. "एकेक दगड छिन्नीनं गुळगुळीत केला मी."

भिंतीपाशी नवी पाटी लावली होती. माझ्या लेकीनं ती मोठ्यानं वाचली: 'इथल्या प्रत्येक कारागिरानं आपल्या दगडावर स्वतःची खूण कोरली होती. या भिंतीवरच्या खुणा दुरुस्तीत नष्ट झाल्या.'

"कुठल्या शहाण्यानं केलं हे?" ती चिडून म्हणाली.



"ओरखडेच वाटले गं मला," बाबा माझ्याकडे न बघता पुटपुटले.

तेवढ्यात लेक ओरडली, "आजोबा, एक खूण वाचलीय!"

अगदी खालच्या दगडावर पक्ष्याचा पाय कोरलेला होता, तीन बोटांचा. तिनं त्यावर कागद धरून पेन्सिल घासली. आजूबाजूचे लोक कौतुकानं बघायला जमले. तिनं कागद उंच धरला आणि मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"आजोबा, असाच पाय तुम्ही आपल्या घराच्या पायरीवर कोरलाय ना?"