गलबताच्या तळाशी कोंडलेला माणूस

आम्ही दोघांनी शेवटचं एकत्र केलं ते हेच. शुक्रवारची सुट्टी, जेवण झालेलं, आणि गोष्ट. बायको इंग्रजी मासिक मनात वाचायची आणि मला आपल्या बोलीत सांगायची. मी सुतार, चौथी शिकलेला. इंग्रजी मला भिंतीवरच्या मुंग्यांसारखं दिसतं.

मासिकं इथल्या, कुवेतमधल्या अहमदीच्या एका जुन्या बंगल्यातली. मी तिथे दारं बदलत होतो, त्यांनी फेकायला काढली होती. माझ्या बापाच्या लग्नाआधीची असतील. कागद पिवळा पडलेला, वर पिस्तूलवाला साहेब आणि वाघ. खोकंभर उचलून आणली. तिच्या सांगण्यात साहेब पेज प्यायचे आणि समुद्रावरचे लुटारू मालवणीत शिव्या घालायचे.

तिची एक खोड होती. माणूस संकटात सापडला की मासिक मिटायची. ती कुवेतला यायच्या आधी माझे शुक्रवार जहऱ्याला, एकट्या राहणाऱ्या गाववाल्यांच्या खोलीत पत्ते खेळण्यात जायचे. पुढच्या शुक्रवारी मी घरीच बसावं म्हणून ही युक्ती.

त्या दिवशी माणूस गलबताच्या तळाशी कोंडलेला. पाणी गळ्यापर्यंत. हिने मासिक मिटलं.

"अहो, उरलेलं पुढच्या शुक्रवारी."

"जगतो की मरतो, तेवढं बोल."

"एवढी काळजी माझी करा की कधी."

"तू काय बुडतेयस?"

रागाने कूस बदलून झोपलो. चहाच्या वेळी उठलो तर ती ओट्याशी पडलेली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

सकाळी, तिला विमानाने गावी न्यायचे कागद करायचे होते. ऑफिस उघडायला वेळ होता. मुलगी इथेच वाढलेली, मराठी बोलते, पण लिहिता येत नाही. तिच्यापुढे मासिक टाकलं.

"बघ, जगला का तो."

तिने पानं उलटली. "बाबा, इट्स नॉट हिअर. पुढच्या अंकात आहे."

खोकं उपसलं. पुढचा अंक नव्हताच. म्हणजे शेवट बायको मनानेच सांगणार होती. याआधी किती माणसं तिने अशी वाचवली, देव जाणे.

"कागद घे," मी म्हणालो. "मी सांगतो, तू इंग्रजीत लिही. गोष्ट इंग्रजांची आहे."

मी सांगत गेलो. गलबताच्या तळावरच्या झडपेची कडी गंजून मोडायला आलेली निघाली. खांदा लावून त्याला वर काढला, कोरडे कपडे दिले, घरी पोचवला. मुलगी डोळे पुसत लिहीत होती.

"बायको होती त्याला?"

"होती. जेवायची थांबली होती."

तेवढं लिहून झालं, आणि आम्ही ऑफिसला गेलो.