रिकाम्या मुठीतली पेरणी

टेबलावर ठेवलेला माझा उजवा हात डॉक्टर बराच वेळ बघत होते. अंगठा तर्जनीवरून सरकत होता, नेहमीसारखाच.

"हे कधीपासून?"

"पेरणीची सवय हाय साहेब," मी हसून सांगितलं.

ते हसले नाहीत. "हा पार्किन्सन्स आहे," म्हणाले.

आमच्या जळगाव जामोदकडे पेरणीच्या तिफणीमागे बाई सरतं, म्हणजे बी सोडायची नळी, धरून चालते. मुठीतलं तुरीचं बी अंगठ्यानं एकेक सारायचं. त्यात माझा हात गावात नावाजलेला. म्हणून बसल्या जागी अंगठा हलू लागला, तेव्हा घरच्यांना गंमत वाटली. "काय वं, ओसरीतच पेरून राह्यली का?" माझे मालक चिडवायचे. मीही हसायचे.

डॉक्टरांनी चालायला लावलं, मूठ उघडझाप करायला लावली. मग विचारलं, "वास येतो?" फोडणी जळाली तरी मला कित्येक वर्षं कळत नव्हतं. सर्दी समजून सोडून दिलं होतं. तेही याच आजाराचं आधीच आलेलं लक्षण होतं.

डॉक्टरांनी समजावलं: न्यूरॉन म्हणजे चेतापेशी. मेंदूतल्या काही न्यूरॉन डोपामिन नावाचं रसायन बनवतात, त्यावर आपली हालचाल चालते. त्यांच्यात बिघडलेलं प्रथिन साचत जातं आणि त्या मरतात. "हात हलायला लागतो तोवर बऱ्याच गेलेल्या असतात," डॉक्टर म्हणाले. आम्ही हसत होतो आणि माझ्या डोक्यात हे चाललं होतं. दुखलंसुद्धा नाही.

"परत उगवत नाहीत?"

"नाही. गोळीनं डोपामिनची उणीव भरते, पेशी वाचत नाहीत."

त्या दिवसापासून हात पदराखाली गेला. तुमच्या घरात कुणाचा रिकामा हात असा हलत असेल, तर सवय म्हणून सोडू नका, दाखवून घ्या.

यंदा मी हट्टानं सरतं धरलं. मुठीत बी आलं आणि थरथर थांबली. ती कामात कमी होते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी मला वाटलं, जिंकले.

तूर उगवली, तर ओळीत जागोजागी नांग्या, नुसत्या मोकळ्या जागा. अंगठा थरथरला नव्हता, आजारानं मंदावला होता. बांधावर बसून मी पोटभर रडले.

मालक ओंजळभर बी घेऊन आले आणि वाकून मोकळ्या जागी मातीत टोबू लागले. "तू मले फक्त जागा दाखव."

मी पुढे चालले, डाव्या हातानं दाखवत. उजवा पुन्हा हलू लागला होता. तो मी पदराखाली नेला नाही.