सेहेचाळिसावा हेडसेट

मार्लीन गोरालचिकला वस्तू विकता येत नसत. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात तिला चीजच्या नमुन्यांच्या टेबलामागे उभं केलं होतं, तेव्हा तिने दोन तासांत तीन गिऱ्हाइकांना "घरी आधीच पडलं असेल ना खूप?" असं विचारून रिकाम्या हाताने परत पाठवलं. मग क्लीव्हलँडजवळच्या पर्मा गावातल्या त्या अवाढव्य दुकानाने तिला परतीच्या काउंटरवर बसवलं. तिथे ती बावीस वर्षं आहे.

नियम सोपा होता. घेतलेली वस्तू नव्वद दिवसांच्या आत आणा, पावती दाखवा, कारण सांगा, पैसे घेऊन जा. कारण विचारणं हा कंपनीच्या लेखी नुसता उपचार होता. संगणकावर 'नको आहे' असं एक बटण होतंच आणि बाकीचे कर्मचारी तेच दाबून मोकळे होत. मार्लीनने ते बटण कधी दाबलं नाही. ती खोका उघडायची, आतली प्लॅस्टिकची पिशवी हुंगायची, माहितीपुस्तिकेची घडी कितव्या पानापर्यंत मोडली आहे ते बघायची आणि मग माणसाच्या तोंडाकडे बघत थांबायची. माणसं बोलायची. पाव भाजायच्या यंत्रात नवऱ्याचे मोजे सापडले, पाय शेकायच्या टबात मांजर व्यालं, हे तिला असंच कळलेलं.

एवढ्या वर्षांत तिचा अंदाज पक्का झाला होता. नवा माल आला की दुकानाचा व्यवस्थापक ब्रेंट ओडम तिला खोके रचलेल्या पॅलेटपाशी घेऊन जायचा. ती एकदा बघायची आणि सांगायची: दहातले सहा परत. किंवा: हे राहील घरात, मागव अजून. ब्रेंट ते आकडे स्वतःचे म्हणून वरच्या ऑफिसला कळवायचा आणि त्यावर त्याला दोनदा बढती मिळाली होती. मार्लीन एकदाही चुकली नव्हती, आणि हे दुकानात सगळ्यांना माहीत आहे हे तिलाही माहीत होतं.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारी व्हीआर हेडसेट आले. सेहेचाळीस नग, एकेकाची किंमत हजार डॉलर. डोळ्यांवर चढवलं की माणूस घरात बसून समुद्राच्या तळाशी जातो, असं खोक्यावर चित्र होतं. कंपनीने दाखवण्यापुरता पाठवलेला जादा खोका फोडून ब्रेंटने दाराशी प्रात्यक्षिक मांडलं आणि दुकानात जत्रा भरली. धिप्पाड माणसं हवेत हात मारत किंचाळू लागली. एका प्लंबरने डोंगराच्या कड्यावरून मागे पाऊल घेतलं ते थेट टॉयलेट पेपरच्या ढिगात. एक बाई शार्कला 'शुक शुक' करत होती. शनिवार संपेपर्यंत लोक गाडीत खोके घालून नेत होते. ब्रेंटचे पाय जमिनीला लागत नव्हते. वसंतात बागेच्या खुर्च्या काढून तिथे हेडसेटची अख्खी रांग लावायची, त्याने ठरवूनही टाकलं.

मार्लीन दोन दिवस हे सगळं लांबून बघत होती. तिचं लक्ष हेडसेट घातलेल्यांकडे नव्हतं, त्यांच्याबरोबर आलेल्यांकडे होतं. नवरा समुद्रात असला की बायको पहिलं मिनिट हसायची, दुसऱ्या मिनिटाला फोन काढायची आणि तिसऱ्या मिनिटाला गोठवलेल्या कोळंबीकडे निघून जायची.

तिने जेवणाच्या खोलीत, सगळ्यांसमोर, सँडविच सोडवत सांगितलं, "सगळे परत येणार."

"सगळे म्हणजे किती?" ब्रेंटने विचारलं.

"सेहेचाळीसच्या सेहेचाळीस. एकूणएक."

इतका पूर्ण आकडा तिने यापूर्वी कधी दिला नव्हता. ब्रेंटने भिंतीवरच्या फळ्यावर तो लिहून खाली तिचं नाव आणि तारीख टाकली. पैज लागली: मार्लीन बरोबर ठरली तर दाराजवळची गाडी लावायची पहिली जागा, म्हणजे ब्रेंटची, वर्षभर तिची. क्लीव्हलँडच्या हिवाळ्यात त्या जागेसाठी माणसं भावाशी बोलणं टाकतील. पण खरं म्हणजे जागा महत्त्वाची नव्हती. फळ्यावर तिचं नाव होतं.

नाताळच्या सकाळी कोलंबसहून आलेल्या तिच्या मुलीने, मेलिंडाने, वडिलांसमोर एक चौकोनी भेट ठेवली. कागद फाटायला लागला आणि चित्रातला समुद्र दिसला तशी मार्लीनने हातातला कप खाली ठेवला. मेलिंडा मोठ्या उत्साहाने सांगत होती की दुकानात हा शेवटचाच नग उरला होता, आईच्या सदस्य कार्डावर घेतला, वीस डिसेंबरला.

गॅरी गोरालचिक इंजिनच्या कारखान्यातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. दोन्ही गुडघे गेल्यावर त्याने मंगळवारचं बोलिंग सोडलं, तेही एकतीस वर्षांनंतर. दहा पिना पाडण्यात तो काही फार मोठा नव्हता. टोमणे मारण्यात मात्र अख्ख्या लीगमध्ये त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. चेंडू सोडताना तो स्वतःचं समालोचन करायचा, समोरचा सोडत असताना त्याचं करायचा. हल्ली तो हवामानाचा चॅनल बघायचा आणि कोणाला काही म्हणायचा नाही. हवामानाला टोमणा मारून काय मिळणार?

मार्लीनने मनाशी ठरवलं, आठवडाभरात कंटाळेल. मग आणू परत.

दोन जानेवारीपासून काउंटरसमोर रांग लागली आणि तिचा आकडा एकेक घराने खरा ठरू लागला. एकाने ख्रिसमसच्या झाडाला मुष्टियुद्धात लोळवलं होतं. एका बाईचा नवरा पुढ्यात खिम्याचा मीटलोफ वाढलेला असताना हवाईच्या किनाऱ्यावर बसून जेवला आणि शेवटी म्हणाला, मासा छान झालाय. एका आजीबाईंनी विमान उडवताना सुनेच्या कानाखाली वाजवली. त्या म्हणत होत्या चुकून, सून म्हणत होती मुळीच नाही. हेडसेटच्या स्पंजवर पावडर, मांजराचे केस, डोनटची साखर. मार्लीन सगळ्यांना एक जादा प्रश्न विचारायची: ज्याने घातलं नव्हतं तो काय करत होता? उत्तर ठरलेलं. उठून गेला. वाट बघत बसला. झोपला.

घरी मात्र भलतंच चाललं होतं.

मेलिंडाने जाताना हेडसेट टीव्हीला जोडून दिला होता, म्हणजे गॅरीला जे दिसेल ते सगळ्यांना दिसे. आणि गॅरीला त्यात बोलिंग सापडलं होतं. खुर्चीत बसून, गुडघ्यांना धक्का न लावता, हातात धरायची बटणांची मूठ मागे नेऊन पुढे झोकली की चेंडू घरंगळत जाई. पहिल्या दिवशी त्याने दिवाणखान्यातला दिवा फोडला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या रोझली बाई, वय चौऱ्याहत्तर, आवाज ऐकून कोण मेलं ते बघायला आल्या आणि टीव्हीसमोर बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः हेडसेट चढवला, केसांच्या रोलर्सवरूनच.

"चेंडू सोड, रोझली," गॅरी म्हणाला. "पाळणाघरात नेऊन सोडणार आहेस का त्याला?"

तीन वर्षांत त्याने कोणाला मारलेला हा पहिला टोमणा. मार्लीन स्वयंपाकघरात बटाटा कुस्करत होती, ती हातातलं थांबवून उभी राहिली.

जानेवारी संपेस्तोवर त्याच्या जुन्या चमूतले तिघेही मंगळवारी संध्याकाळी यायला लागले, लीगचे शर्ट घालून. सोफा भिंतीला गेला, काचेची भांडी असलेल्या कपाटाला गादी बांधली. हेडसेट एकच होता, म्हणून एक जण आंधळ्यासारखा खुर्चीत आणि बाकीचे त्याच्यावर तुटून पडलेले. आंधळ्याला टोमणे मारणाऱ्यांची तोंडं दिसत नसत, हे गॅरीला फार आवडलं. एकदा रोझली बाईंनी सगळ्या दहा पिना एका फटक्यात पाडल्या आणि आनंदाने गिरकी घेतली ती हेडसेटसकट कोट टांगायच्या कपाटात. आतून त्या बराच वेळ विचारत होत्या, इथे अंधार का केला, वीज गेली का? मार्लीन हसून हसून जमिनीवर बसली. ईस्टरच्या उपवासांआधीच्या फॅट ट्यूजडेला पाँच्कींचा, म्हणजे जाम भरलेल्या पोलिश डोनटांचा, डबा हातोहात संपला आणि साखरेने बरबटलेली मूठ कोणाच्याच हातात टिकेना. चेंडू शेजारच्या पट्टीवर जाऊ लागले आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या बोटांना दोष देऊ लागला. त्या दिवशी मार्लीननेही चार डाव खेळले. हेडसेट उतरवल्यावर दिवाणखाना तिच्याभोवती फिरत होता, आणि ती पुन्हा चढवायला मागत होती.

दुकानात फळ्यावर परत आलेल्या नगांचा आकडा चढत होता. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी, चर्चमध्ये उपवासात चालणारा तळलेला मासा खाऊन सगळे परतले तेव्हा, तिथे पंचेचाळीस लिहिलेलं होतं.

ब्रेंट पैज हरायच्या बेतात होता, तरी खुशीत होता. "एक आहे," तो प्रत्येकाला सांगत सुटला. "पर्मात कुठेतरी एक घर असं आहे, जिथे तो रोज वापरात आहे. एक सुखी कुटुंब. मला त्यांना भेटायचंय."

मार्लीन आपल्या काउंटरकडे वळली. तिच्याबरोबर काउंटरवर काम करणाऱ्या योलांडाला संगणकात नाव दिसलं होतं. तिने ते स्वतःपाशी ठेवलं, पण दर दोन दिवसांनी तारखेकडे बघायची.

नव्वदावा दिवस वीस मार्चला येत होता, गुरुवारी. त्या दिवशी मार्लीनची सुट्टी होती. आदल्या संध्याकाळी तिने गॅरीला सगळं सांगितलं. फळा, आकडा, बावीस वर्षं. हजार डॉलरची मेलिंडालाही ओढाताणच झाली असेल, असंही म्हणून बघितलं. गॅरी वाद घालेल असं तिला वाटलं होतं. त्याने वाद घातला नाही. त्याने हेडसेट पुसला, वायरींना मुळातल्यासारखे तारेचे पीळ घातले, माहितीपुस्तिका एकदाही न उघडलेली होती ती वर ठेवली आणि हवामानाचा चॅनल लावला.

सकाळी ती स्वतःच्याच काउंटरच्या चुकीच्या बाजूला, रांगेत उभी होती. तिच्यामागे एक माणूस वाळलेलं ख्रिसमसचं झाड घेऊन आला होता. त्याचं म्हणणं होतं की झाड मेलं.

तिचा नंबर आला. योलांडाने खोका उघडला, पिशवी हुंगली, पुस्तिका बघितली. मार्लीननेच शिकवलेलं सगळं.

"कारण?" तिने विचारलं.

"डोकं दुखतं."

"कोणाचं?"

मार्लीनने विचार केला. कोणाचंच दुखत नव्हतं. "दिवा फुटला," ती म्हणाली.

"दिवे सहा नंबरच्या रांगेत."

"जागा फार अडते."

"सोफा भिंतीला लावलास ना? रोझली चर्चमध्ये सगळ्यांना सांगत होती." योलांडाने आवाज खाली आणला. "मार्लीन, मागे माणूस झाड धरून उभा आहे. मी 'नको आहे' दाबते. आकडा पुरा होईल, तू जिंकशील, कोणाला कळणार नाही."

मार्लीन खोक्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत हजारो माणसं याच जागी उभी राहून तिच्याशी खोटं बोलली होती, आणि प्रत्येकाचं तोंड खोटं बोलताना कसं दिसतं हे तिला पाठ होतं. आपलं आता तसंच दिसत असणार.

"दाबू नकोस," ती म्हणाली. "हवा आहे आम्हाला."

तिने खोका काखेत मारला आणि तशीच ब्रेंटच्या ऑफिसात गेली. सुखी कुटुंब आपलंच आहे, हे तिने त्याला दोन वाक्यांत सांगितलं. फळ्यावरचं नाव पूस, म्हणाली.

ब्रेंट खुर्चीतून अर्धा उठला. हे ऐकून त्याला हरल्याचं काहीच वाटलं नाही. मार्लीन गोरालचिकच्या घरात जर ती वस्तू राहिली, तर कुठल्याही घरात राहील. त्याने फोन उचलला. शंभर मागवतो, म्हणाला, बागेच्या खुर्च्या गेल्या खड्ड्यात.

"एकही मागवू नकोस," मार्लीन म्हणाली.

"तू आत्ताच हरलीस की."

"हरले. पण सेहेचाळीस घरांत गेला आणि एका घरात राहिला. त्या घरात एक असा माणूस आहे ज्याला दुसऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून बोलायला मिळालं तर आणखी काही नको असतं. बाकीच्या घरांत एक जण समुद्रात जाणार आणि चार जण त्याची वाट बघणार. तू काय प्रत्येक खोक्याबरोबर गॅरी देणार आहेस?"

ब्रेंटने फोन ठेवला. मग त्याने विचारलं, किंमत निम्मी झाली तर? तर निम्म्या किमतीत परत येतील, ती म्हणाली. आणि टीव्हीला जोडून, सगळ्यांना दिसेल असा विकला तर? यावर मात्र तिने खोका दुसऱ्या काखेत घेतला. "तेव्हा मला पुन्हा विचार," ती म्हणाली. "आत्ता खुर्च्या मागव. घडीच्या. मला सहा हव्यात."

घरासमोर तिघा बोलिंगवाल्यांच्या गाड्या उभ्या होत्या. मंगळवार नव्हता. आत सगळे ओळीने बसले होते, शर्ट इस्त्रीचे, हात मांडीवर. टेबलावर रोझली बाईंनी आणलेली चीज-बटाट्याची भली मोठी परात होती, त्या भागात कोणी वारलं की शेजारी नेतात तशी. टीव्हीवर ओहायोच्या नकाशावरून ढग सरकत होते.

मार्लीनने खोका गॅरीच्या मांडीवर ठेवला. गॅरीने तारेचा पहिला पीळ सोडला, दुसरा सोडला, तिसरा दातांनी तोडला.

"आधी मी," रोझली बाई म्हणाल्या. "परात मी आणलीय."

"घे," गॅरी म्हणाला. "फक्त त्या बाजूला तोंड कर, नाहीतर पुन्हा कोटांशी खेळत बसशील."