आधी कुठून, मग कुठे

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल उगाच आदर नको वाटायला. मी माझ्या गेलेल्या मुलाचे सगळे व्हिडिओ एका ओळीत पुसले. चुकून. आणि एंटर दाबताना दुसऱ्या हातात चहाचा कप होता.

दुसरं म्हणजे, भुतंखेतं, संकेत, अंगात येणं यातलं मी आयुष्यात काही मानलं नाही. सासूबाईंनी अमावास्येला ओवाळून दाराबाहेर ठेवलेल्या लिंबाचं मी एकदा सरबत केलं होतं. पिणाऱ्यांना सांगितलं नव्हतं, त्यामुळे कुणाला काही झालं नाही. आजही मानत नाही... म्हणजे, मानत नाही असंच म्हणते. तुम्ही वाचा.

आम्ही सातासमुद्रापलीकडच्या ओकव्हिलचे. तळ्याकाठचं बंगलेवाल्यांचं ओकव्हिल नव्हे, वरचं, हायवेचा आवाज येतो ते. मी एका कंपनीत सिस्टिम ॲडमिन होते, म्हणजे बाकीच्यांचे कॉम्प्युटर जिवंत ठेवणारी बाई. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या, माउसला शिवायचं नाही, याचा मला केवढा माज! कुणी माउसने फाइल ओढून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकताना दिसला, की काट्याचमच्याने वरणभात खाणाऱ्याकडे बघावं तशी मी बघायची. पंचावन्न वर्षांची घोडी, पण स्वतःला त्या खात्याची महाराणी समजत होते. 

निखिल, माझा एकुलता एक मुलगा, त्याच धंद्यात होता. बायको मेघना आणि तान्ही स्वराली यांच्याबरोबर तासाभरावरच्या व्हिटबी गावात राहायचा. मायलेकांच्या गप्पा म्हणजे बाकीच्यांना शिक्षा. 

पुढचं कळायला एक गोष्ट समजून घ्या, सोपी आहे. आरसिंक नावाची एक आज्ञा असते. एका कॉम्प्युटरवरचं फोल्डर नेटवर्कवरून दुसऱ्यावर उतरवायचं काम ती करते. आधी लिहायचं कुठून, मग लिहायचं कुठे. सोबत 'डिलीट' जोडलं की ती दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या करते. 'कुठून'मध्ये जे नाही, ते 'कुठे'मधून पुसून टाकते. आणि घाबरटांसाठी एक सोय आहे — 'एन' हे एवढंसं अक्षर लावलं की ती प्रत्यक्षात काहीच करत नाही, काय करणार ते फक्त दाखवते. रंगीत तालीम.

निखिल दर वेळी आधी एन लावायचा. चार फाइली न्यायच्या असल्या तरी.

"अरे, भाजीत मीठ घालायची पण रिहर्सल करतोस का?"

"आई, घातलेलं मीठ काढता येत नाही. म्हणूनच करतो."

"भित्री भागूबाई."

"असू दे. एक दिवस रडशील ना, तेव्हा मला फोन करू नकोस."

दोन हजार नऊचा फेब्रुवारी. ऑफिसातून घरी येताना हायवेवर एक ट्रेलर घसरून त्याच्या गाडीवर आला. स्वराली सहा महिन्यांची होती. याच्यावर जास्त लिहिणार नाही. लिहिता येत नाही.

दिवसकार्य उरकल्यावर मेघना मला म्हणाली, "आई, त्याच्या कॉम्प्युटरवर स्वरालीबरोबरचे व्हिडिओ आहेत. कॅमेऱ्यातून तिथे टाकले की तो कार्ड पुसायचा, त्यामुळे दुसरीकडे कुठेच नाहीत. मशीन बंद पडलं तर? तुम्ही कुठेतरी सुरक्षित ठेवाल?"

स्वरालीला बाप आठवणार नव्हता. तो कसा हसायचा, कसा बोलायचा, ते तिला कळायला जगात तेवढंच उरलं होतं. आणि ते मेघनाने माझ्या हाती दिलं, कारण घरात कॉम्प्युटरमधली महाराणी मीच ना!

रविवारी दुपारी मी बेसमेंटमध्ये बसले. एका मशीनवर नवं कोरं, रिकामं फोल्डर केलं. व्हिटबीच्या त्याच्या कॉम्प्युटरशी जोडणी लागली. आज्ञा लिहिली. डिलीटही जोडलं, आम्हाला सगळं तंतोतंत लागतं ना. वरून आमचे हे ओरडले, "दुधाची पिशवी संपली गं!" मी म्हटलं, "मग आणा!" आणि एंटर दाबलं.

थोडा वेळ कर्सर लुकलुकला आणि काम संपलं. मला वाटलं, वा! एवढे सगळे व्हिडिओ इतक्या लवकर? बघा केवढी हुशार बाई... नेटवर्क चांगलं आहे म्हणून स्वतःवरच खूश!

मग फोल्डर उघडून पाहिलं. रिकामं. निखिलच्या बाजूचं पाहिलं. तेही रिकामं. आधी 'कुठे' लिहिलं होतं आणि मग 'कुठून'. आरसिंकने निमूटपणे त्याचं फोल्डर माझ्या रिकाम्या फोल्डरसारखं करून दिलं होतं. तंतोतंत.

एन लावला असता तर पडद्यावर दिसलं असतं. फक्त एक अक्षर.

मी तशीच गाडी काढून व्हिटबीला गेले. मेघनाला सांगितलं, "डिस्क जरा कुरकुर करतेय, काढून नेते." तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं." डोळे सुजलेले होते, पण त्या दिवसांत ते रोजच सुजलेले असायचे.

पुसलेलं परत काढून देणारा एक माणूस वॉन नावाच्या गावात होता. टाइल्सच्या आणि फर्निचरच्या गोदामांच्या मधे त्याचं छोटंसं दुकान. माझ्याच वयाचा पंजाबी गृहस्थ. काही दिवसांनी त्याने डिस्क चंदेरी पिशवीत घालून माझ्यापुढे ठेवली. "बहनजी, डिस्क एकदम ठीक है. बस, अंदर कुछ नहीं है. फाइलों के नाम तक नहीं बचे." मग हळूच म्हणाला, "किसकी थी?" 

मी पर्स उघडून पैसे मोजायला लागले. त्याने दुसरीकडे पाहिलं.

ती डिस्क मी देवघराच्या खालच्या खणात ठेवली. का, विचारू नका. दुसरी जागा सुचली नाही.

त्यानंतर हे रोज विचारायचे.

"सांगितलंस?"

"उद्या."

"ती विचारत नाही व्हिडिओंचं?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही म्हटलं ना!"

खरंच, मेघनाने एकदाही विचारलं नाही. मला तेव्हा नवलसुद्धा वाटलं नाही, नुसती सुटका वाटायची. फोनवर बोलताना ती शब्द जुळवते आहे असं वाटलं, की मीच घाईघाईने स्वरालीच्या दातांवर गाडी न्यायची. चोराच्या मनात चांदणं, तसं झालं होतं माझं.

दुखवट्यामुळे स्वरालीचं उष्टावण लांबलं होतं. शेवटी मे महिन्यातला एक शनिवार ठरला. आदल्या दिवशी मेघनाचा फोन. "आई, उष्टावणाला त्याचा फोटो समोर ठेवूया. भिंतीवरचाच." भिंतीवरचाच! हलता-बोलता तो मीच पुसला होता. म्हटलं, बस्स. उद्या पाहुणे गेले की सांगायचं. मग ती तोंड बघणार नसेल तर न बघो.

शनिवारी सकाळी साडी नेसून तयार झाले, खिरीचा डबा गाडीत ठेवला. निघण्याआधी बेसमेंटमध्ये गेले, ते मशीन बंद करायला. इतके दिवस उगाच चालू होतं, आणि आता त्याच्याकडे बघवत नव्हतं. खिडकीतून चांगलं ऊन आलं होतं. शेजारचा माणूस लॉन कापत होता. 

मशीनचा दिवा लुकलुकत होता.

तो दिवा आत काही काम चालू असलं तरच तसा हलतो. माझं तर काहीच चालू नव्हतं. उभ्या उभ्याच मी काय चाललंय त्याची यादी मागवली. बाहेरून कुणीतरी त्या रिकाम्या फोल्डरमध्ये आरसिंक करत होतं. नाव निखिलचं. माझ्या मशीनवर त्याचं खातं होतं, ते मी काढलं नव्हतं. आणि जोडणी येत होती ती व्हिटबीच्या त्यांच्या घरातल्या इंटरनेटवरून.

आई म्हणून माझा पहिला विचार काय असावा? हॅकर! कुणीतरी चोर घुसलाय! मी ही अशी. नेटवर्कची वायर उपटायला हात गेला, आणि यादीतल्या त्या ओळीकडे पुन्हा लक्ष गेलं. 

आज्ञेत एन होता.

रंगीत तालीम चालली होती.

मी वायर सोडली. ती ओळ यादीतून गेली. फोल्डर पाहिलं, अजून रिकामंच. मग ती ओळ पुन्हा उमटली. तीच आज्ञा, या वेळी एन नाही.

आणि फोल्डर भरायला लागलं. एक फाइल. मग दुसरी. निखिल देत असे तशीच नावं — स्वरू आंघोळ, स्वरू जांभई, स्वरू आणि बाबा चिडलेले.

मी मेघनाला फोन लावला.

"आई, निघालात का? खीर घेतलीत ना?"

"मेघना, निखिलचा कॉम्प्युटर कुठे आहे?"

"क्लोजेटमध्ये. का?"

"चालू आहे?"

"चालू? आई, त्यात डिस्कच नाहीये. तुम्हीच तर नेलीत. वायरसुद्धा मी गुंडाळून आत ठेवलीय... आई? काय झालं?"

"काही नाही. येते."

मग मी जिन्यातून ओरडले, "अहो, देवाच्या खालचा खण उघडा!"

"उघडला."

"चंदेरी पिशवी आहे?"

"आहे. आत तुझी डिस्क पण आहे. आता ती घेऊन कुठे निघालीस?"

मी कुठेच निघाले नव्हते. खाली फरशीवर बसले होते, नेसलेल्या साडीनिशी.

दिवा थांबल्यावर मी पहिला व्हिडिओ लावला. निखिल बाथटबच्या कडेला पाटावर बसलाय, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. स्वराली त्याच्या लांब केलेल्या पायांवर पालथी. पायांवर घेऊन न्हाऊ घालायला मीच फोनवरून शिकवलं होतं त्याला. तांब्यातून पाणी ओतायच्या आधी तो स्वतःच्या मनगटावर थेंब घेऊन बघतो, मग म्हणतो, "आधी टेस्ट, मग राणीसाहेब." 

हे जिन्यात उभे होते. त्यांना खाली येववेना.

आता तुम्ही विचाराल ते सगळं मी स्वतःला विचारून झालंय. वॉनच्या माणसाने गुपचूप कॉपी ठेवली असेल? त्याला माझं मशीन, निखिलचं खातं कुठून माहीत? आणि जोडणी व्हिटबीच्या घरातून कशी? निखिलने ऑफिसात एखादी प्रत ठेवली होती का, तेही विचारून आले. नव्हती. माझ्या मशीनवर यायला त्याची जी किल्ली, म्हणजे पासवर्डसारखी एक फाइल, लागते, ती फक्त त्या डिस्कवर होती, आणि डिस्क रिकामी, देवाच्या खणात. माझा एक जुना सहकारी म्हणाला, दुःखात तूच कॉपी केली असशील, आठवत नसेल. अरे, पण कशावरून कॉपी करू? मुळात होतं काय? उत्तर मला तेव्हा मिळालं नाही आणि आता सत्तरी उलटली तरी नाही. धंद्यात होते तोवर मात्र एकही आज्ञा एन लावल्याशिवाय चालवली नाही. ऑफिसातली पोरं मागून हसायची. हसू दिलं.

स्वराली आता कॉलेजच्या वयाची झाली. हे सगळं ऐकल्यावर तिची प्रतिक्रिया — "आजी, यू लिटरली डिलीटेड माय डॅड?" आणि मग, "कॅन आय सी द बाथ वन अगेन?" आमची पोरं अशीच.

पण त्या शनिवारचं राहिलं. उष्टावण झालं, पाहुणे गेले. मेघना किचनमध्ये चांदीची वाटी घासत होती. मी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. रविवार, चहाचा कप, उलटी आज्ञा, कुरकुरणाऱ्या डिस्कची थाप, आणि सकाळचा दिवा. ती ओरडेल, रडेल, निदान वाटी आपटेल, अशी तयारी ठेवली होती. तिने नळ बंद केला. वाटी पुसली. आणि जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते:

"आई, ते गेलेले मला माहीत होतं. त्या रविवारी स्वरालीला मांडीवर घेऊन मी त्याच फोल्डरसमोर बसले होते. डोळ्यांदेखत एकेक व्हिडिओ जात होता. तुमचं नाव मनातसुद्धा नाही आलं. मला वाटलं, तोच सोबत घेऊन चाललाय. मी मोठ्यानं म्हटलं त्याला, ने रे, पण एक कॉपी ठेवून जा."