रकानेबाई

रकानेबाईंच्या समोर कोणी "रिटर्न भरलं" असं म्हटलं, की त्या हातातलं पेन खाली ठेवत. समोरचा माणूस घाईत असो, त्याने बाहेर रिक्षा चालू ठेवलेली असो, पेन खालीच. मग चष्म्याच्या वरून बघत विचारत, "कर भरतात. रिटर्न देतात. काय म्हणालात आपण?" तो माणूस मुकाट्याने "रिटर्न दिलं" म्हणे आणि पेन पुन्हा उचललं जाई. पनवेलला टपाल नाक्याजवळच्या त्यांच्या गाळ्यात हा प्रकार दिवसातून पाच-सात वेळा तरी चाले. शेजारच्या गाळ्यात मी पाट्या रंगवायचो, त्यामुळे मला तो मधल्या पत्र्याच्या भिंतीतून ऐकू यायचा.

आमची ओळखच मुळी या शब्दावरून झाली. गाळा घेतल्यावर त्यांनी मला पाटी करायला सांगितली. ज्यांना पगार देणारा मालक नसतो अशा माणसांची कागदपत्रं करणं हा त्यांचा व्यवसाय. रिक्षावाले, पार्लरवाल्या, शिकवण्या घेणाऱ्या बाया, न्हावा शेव्याच्या बंदरात स्वतःचा ट्रेलर चालवणारे, असे सगळे. मी निळ्यावर पिवळ्या अक्षरांत झकास लिहिलं, "येथे आयकर रिटर्न भरून मिळेल." बाईंनी पाटी लांबून पाहिली, जवळून पाहिली आणि म्हणाल्या, "अक्षर सुंदर आहे. पाटी चूक आहे." मी म्हटलं, "अहो, सगळे असंच म्हणतात." त्यावर त्या म्हणाल्या, "सगळे म्हणतात म्हणूनच पाटीवर नको." मी शब्द खरवडले आणि "आयकर रिटर्न दिली जातील" असं रंगवलं. पुढचा महिनाभर लोक आत डोकावून इथे फुकट काय देतात ते विचारत होते. बाई ढिम्म हलल्या नाहीत. दोन्ही वेळच्या रंगाचे पैसे मात्र त्यांनी न मागता दिले.

त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं. फॉर्म कुठलाही असो, त्या प्रत्येक रकान्याखाली बोट ठेवून तो मोठ्यांदा वाचत. 'फक्त कार्यालयीन उपयोगासाठी' हेसुद्धा वाचत. एखाद्याने मध्येच उत्तर दिलं तर म्हणत, "थांबा. आधी प्रश्न पुरता ऐका. लोक प्रश्न अर्धा ऐकतात आणि उत्तर दीड देतात." यावरून त्यांना रकानेबाई हे नाव पडलं. एकदा कुरिअरवाला 'श्रीमती रकाने' असं लिहिलेलं पाकीट घेऊन आला. बाईंनी स्वतःचं खरं नाव लिहून सही केली, खाली 'ऊर्फ रकाने' असं लिहिलं आणि मला हाक मारून विचारलं, "पेंटर, असं आडनाव असतं का हो?" मी म्हटलं, "आता आहे." त्या हसल्या असाव्यात. मधल्या पत्र्यामुळे मला नक्की सांगता येत नाही.

एक सांगून ठेवतो, त्या प्रेमळ वगैरे नव्हत्या. आलेल्याला कधी चहा विचारत नसत. कोणाच्या लग्नाला, बारशाला गेलेल्या मी त्यांना पाहिलं नाही. पण एक ट्रेलरवाला एकदा बँकेसाठी उत्पन्न जास्त दाखवा म्हणाला, म्हणजे दुसऱ्या गाडीला कर्ज मिळेल, आणि त्याच दमात म्हणाला की बायकोच्या योजनेसाठी उत्पन्नाचा दाखला कमीचा हवा. बाईंनी त्याला विचारलं, "तुम्ही एक. तुमची गाडी एक. मग उत्पन्नं दोन कुठून आली?" तो रागाने उठून दुसऱ्या कोणाकडे गेला. गिऱ्हाईक असं घालवू नये, हे मी बोललोही. "गिऱ्हाईक गेलं, आकडा राहिला," एवढं म्हणून त्या पुढच्या फायलीकडे वळल्या. सहा महिन्यांनी तोच ट्रेलरवाला नोटीस घेऊन परत आला. त्यांनी त्याला एक शब्दही ऐकवला नाही. फक्त नोटिशीतला प्रत्येक रकाना वाचून दाखवला, आणि मला वाटतं त्याला ते जास्त लागलं.

मला त्यांनी डब्याची सवय लावली. रंगाचा एक रिकामा डबा धुऊन घ्यायला लावला आणि कुठलंही बिल मिळालं की त्यातला ठरावीक भाग आधी त्यात टाकायचा असं बजावलं. "हे पैसे तुमचे नाहीत. तुमच्याकडे पाहुणे आलेत. मार्चात घरी जातील. पाहुण्याला कामाला लावायचं नसतं." मी त्या डब्यावर हौसेने 'पाहुणे' असं रंगवलं. माझी बायको अडीनडीला त्यात हात घालायला जायची आणि अक्षरं वाचून हात मागे घ्यायची. ज्या वर्षी कर लागला नाही त्या वर्षी मी बाईंना म्हटलं, कर शून्य आहे तर रिटर्न कशाला? त्या म्हणाल्या, "शून्य आहे हेसुद्धा कोणीतरी सांगायला लागतं." तेव्हा मला तो नसता सोपस्कार वाटला होता. पुढे कोरोनाची टाळेबंदी आली, पाट्या कोणालाच नको झाल्या आणि सरकारने छोट्या धंदेवाल्यांसाठी कमी व्याजाच्या कर्जाची सोय केली, तेव्हा पहिला प्रश्न आला: तुमचा धंदा होता याला पुरावा काय? माझ्याकडे शून्याचे तीन कागद होते. आमच्या ओळीतल्या निम्म्या लोकांकडे काहीच नव्हतं. त्या कर्जावर माझं घर चाललं, हे मी कबूल करतो.

आता सुमनताईंची गोष्ट. त्या पनवेलजवळच्या नेरे गावच्या. तिकडच्या फार्महाऊसवर शनिवार-रविवारी येणाऱ्या मंडळींना तांदळाच्या भाकऱ्या करून पुरवतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी अलिबागला वसतिगृहात राहून नर्सिंग शिकते. सरकार बायकांच्या खात्यात दर महिन्याला जे पैसे टाकतं, त्यावर त्या मुलीची मेस चालायची. भाकऱ्यांच्या पैशातून फी, आणि सरकारच्या पैशातून जेवण, असा त्यांचा पक्का हिशेब. बाईंनी सुमनताईंना दर वर्षी शून्य कराचं रिटर्न द्यायला लावलं होतं, त्यामुळे मोठी शेगडी घ्यायला कर्ज मिळालं होतं. या रिटर्नचा सुमनताईंना भारी अभिमान. एसटीतसुद्धा सांगायच्या म्हणे.

मागच्या वर्षी त्या योजनेत सगळ्यांना माहिती नव्याने द्यायची होती. नेमक्या त्याच आठवड्यात बाईंना कामोठ्याच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशनसाठी ठेवलं होतं. सुमनताई आल्या, बंद गाळा पाहिला आणि माझ्याकडे वळल्या. शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती. माझ्याकडे डिझाईनसाठी संगणक आहे, मी म्हटलं, या, करून टाकू. एकेक प्रश्न मी भराभर वाचत होतो, म्हणजे वाचल्यासारखं करत होतो. कुटुंबात कोणी आयकर भरतं का, असा एक रकाना आला. मी विचारलं, "टॅक्स भरता का, सुमनताई?"

"भरतो ना! दर वरसाला भरतो. बाईंकडंच भरतो आमी."

मी 'होय'वर खूण केली. बाईंच्या शेजारी बारा वर्षं काढलेला माणूस मी, आणि मी 'होय'वर खूण केली.

पुढच्या महिन्यात पैसे आले नाहीत, त्याच्या पुढच्या महिन्यातही नाहीत. ज्यांच्या घरात आयकर भरला जातो त्यांना ही मदत नाही, असा नियम. मेसवाल्याने दोन महिने थांबून पाहिलं, मग मुलीला सांगितलं की या महिनाअखेरीस पैसे आले नाहीत तर ताट बंद. सुमनताई माझ्या गाळ्याच्या पायरीवर बसून म्हणाल्या, "पोरगी घरी येते बोलते. शिकायचा नाय बोलते. माजीच चूक हाय, पेंटर. मीच त्वांड वर करून सांगितला ना, टॅक्स भरतो म्हणून." तुमची नाही, माझी चूक आहे, हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. बाहेर पडलं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

बाई घरी परतल्या होत्या, पण गाळ्यावर येत नव्हत्या. मी त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्या खूप वाळल्या होत्या. ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "म्हणजे रिटर्न भरलं." एवढंच. मी विचारलं, माझं नाव कुठे द्यावं लागेल का? मला तिथे बोलावतील का? माझी महापालिकेच्या पाट्यांची कामं अडकलेली होती, सरकारी कार्यालयात चुकीचा अर्ज करणारा म्हणून नाव नको होतं. हे मी त्यांना तसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघू."

दोन दिवसांनी त्या सुमनताईंना घेऊन, काठी टेकत, स्वतः त्या कार्यालयात गेल्या. सुमनताईंनी नंतर सांगितलं ते असं. बाईंनी तीन वर्षांची रिटर्न टेबलावर मांडली, प्रत्येकावर 'देय कर शून्य' या ओळीखाली बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हिने रिटर्न दिलंय. कर भरलेला नाही. हे दोन वेगळे शब्द आहेत." तिथला माणूस भला होता. त्याने दुरुस्तीचा अर्ज पुढे केला. बाईंनी तो तिथेच, रकाना वाचत वाचत, पूर्ण केला. त्या दिवशी मात्र एक रकाना त्यांनी मनात वाचला, असं सुमनताई म्हणाल्या. मी तेव्हा तिकडे लक्ष दिलं नाही. परत आल्यावर मी बाईंना विचारलं, "माझं नाव लागलं का हो?" त्या म्हणाल्या, "रकाना होता. भरला." मला वाटलं, लागलं. पुढचे काही आठवडे मी टपालाची वाट बघत होतो.

टपाल आलं नाही. सुमनताईंचे पैसे मात्र महिनाअखेरीच्या आत आले, मागच्या महिन्यांसकट. मुलगी अलिबागलाच राहिली. सुमनताई भाकऱ्या आणि वालाचं बिरडं घेऊन बाईंकडे गेल्या. बाईंनी अर्धी भाकरी खाल्ली आणि मीठ कमी आहे म्हणाल्या.

बाई त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. गाळा आता मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याकडे आहे. पाटी मी उतरवून माझ्याकडे ठेवली आहे. त्यांच्या भाच्याने फायली ज्यांच्या त्यांना परत द्यायचं ठरवलं आणि दोन फायली माझ्याकडे आणून दिल्या. एक माझी. दुसरी सुमनताईंची, कारण त्या दर शनिवारी भाकऱ्या पोचवून झाल्यावर माझ्याकडे डोकावतात हे त्याला कुठूनतरी कळलं होतं. त्या फायलीत अगदी वर दुरुस्तीच्या अर्जाची झेरॉक्स होती. मी ती रकान्याखाली बोट ठेवून वाचत गेलो. 'मूळ अर्ज करून देणाऱ्याचे नाव' या रकान्यात माझं नाव नव्हतं. तिथे बाईंचं होतं, आडनावासकट, त्यांच्या सरळ उभ्या अक्षरात. चुकीचं कारण म्हणून लिहिलं होतं, 'प्रश्न पूर्ण वाचला नाही.'

मूळ अर्ज केला त्या दिवशी बाई हॉस्पिटलात होत्या.

शनिवारी सुमनताई आल्या. मी त्यांना बसवलं आणि राहून गेलेलं वाक्य सांगून टाकलं, की चूक तुमची नव्हती, प्रश्न मीच नीट वाचला नव्हता. त्या म्हणाल्या, "मी बोलली तेच तुमी लिवला ना. जाऊ द्या." मग मी झेरॉक्स पुढे केली. त्यांनीही बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. बाईंनी त्यांना तेवढं शिकवलं होतं. नावापाशी बोट थांबलं.

"ह्या तर तवा इथं नव्हत्याच."

"नव्हत्या."

"बाईंनी खोटा लिवला? रकान्यात?"

"रकान्यात," मी म्हटलं.

मी उगाचच ब्रश घेऊन अर्धवट पाटीकडे वळलो. थोड्या वेळाने त्यांनी डोळे पदराला पुसले, फाईल पिशवीत घातली आणि उठता उठता विचारलं, "आता यंदाचा रिटर्न कोनाकडं भरायचा?"

मी ब्रश खाली ठेवला.

"भरायचं नाही, सुमनताई," मी म्हटलं. "द्यायचं."